जुना बिझनेस लॅपटॉप घेताना हिशोब कसा मांडायचा

जुन्या लॅपटॉपच्या जाहिरातीत तीन गोष्टी हमखास ठळक अक्षरांत असतात: प्रोसेसरचं नाव, रॅमचा आकडा आणि फुली मारलेली मूळ किंमत. यातली तिसरी गोष्ट आधी डोक्यातून काढून टाका. ती किंमत ज्या कंपनीने मोजली, तिला त्या पैशांत कोरी बॅटरी मिळाली होती, जागेवर येऊन दुरुस्ती करून देणारी काही वर्षांची वॉरंटी मिळाली होती, आणि शेकड्याने खरेदी असल्यामुळे बहुधा छापील भावावर घसघशीत सूटही मिळाली होती. यातलं तुमच्या वाट्याला काहीच येत नाही. 'एवढ्याचा लॅपटॉप तेवढ्यात' हा विकणाऱ्याच्या सोयीचा हिशोब झाला. घेणाऱ्याने विचारायचं ते हे: हे यंत्र माझं काम नीट करत आणखी किती वर्षं चालेल, आणि तेवढं चालवायला मला एकूण किती खर्च येईल?

एकूण खर्चात यंत्राची किंमत तर आलीच, शिवाय ते धडपणे वापरण्याजोगं करायला जे काही लागेल तेही आलं. या बेरजेला उरलेल्या वर्षांनी भागायचं. समजा तुमच्या कामाला पुरेल असा नवा लॅपटॉप १०० रुपयांना मिळतो आणि ६ वर्षं चालतो. म्हणजे वर्षाला साधारण १७. आता एक जुना लॅपटॉप २५ ला मिळतोय. पण बॅटरी मेलेली आहे, ती ८ ला पडेल. डिस्क लहान आणि थकलेली, ती ६. चार्जर मूळचा नाही, तो ३. झाले ४२. आणि यंत्र इतकं जुनं की दोन वर्षांपलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. वर्षाला २१ पडले, म्हणजे कोऱ्यापेक्षा महाग! शेजारीच दुसरा जुना लॅपटॉप ४० ला आहे. त्याला काही करावं लागत नाही आणि तो चार वर्षं सहज जाईल. वर्षाला १०. जाहिराती किमतीच्या चढत्या क्रमाने लावून बघणाऱ्याला हा दुसरा लॅपटॉप बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण तो खालच्या पानावर असतो.

आकडे अर्थात उदाहरणापुरते आहेत. तुमच्याकडचे भाव घालून हीच बेरीज-भागाकार कागदावर करा. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या गणितातले दोन आकडे, म्हणजे वरखर्च आणि उरलेली वर्षं, शक्य तितके खरे कसे काढायचे याबद्दल आहे.

मुळात स्वस्त का?

घरगुती लॅपटॉप माणूस विकायला काढतो तेव्हा बऱ्याचदा काहीतरी बिनसलेलं असतं. मंद झालाय, तापतोय, बिजागरी कुरकुरतेय. ऑफिसच्या लॅपटॉपचं तसं नसतं. कंपन्या ते तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर घेतात, किंवा तेवढ्या काळात घसारा लावून खात्यातून मोकळे होतात. मुदत भरली की बरा-वाईट असा भेद न करता सगळा लॉट बाहेर पडतो. एकाच मॉडेलची शेकडो, हजारो यंत्रं एकदम बाजारात आली की भाव पडणारच. यंत्राची प्रकृती अजून ठणठणीत असताना केवळ तारीख उलटली म्हणून त्याची किंमत घसरते, आणि घेणाऱ्याचा फायदा असतो तो एवढ्याच फटीत.

त्या लॉटमध्येही दोन जातींची यंत्रं असतात. एक चार वर्षं टेबलावर डॉकला (चार्जर, मोठा पडदा वगैरे एकदम जोडणाऱ्या पेटीला) जोडून बसलेलं, दुसरं रोज बॅगेतून फिरलेलं. पहिल्याचा कीबोर्ड कोरा करकरीत दिसतो, बाहेर ओरखडा नसतो. पण सतत चार्जरवर १०० टक्के भरलेल्या अवस्थेत आणि थोडं गरम राहिल्यामुळे त्याची बॅटरी आतून झिजलेली असू शकते. दुसऱ्याच्या कळा गुळगुळीत, कोपरे घासलेले. पण बॅटरी मधेच कधीतरी बदललेली असू शकते. बाह्य रूपावरून 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' असे शिक्के मारतात, त्याला सगळीकडे लागू पडणारं एक प्रमाण नाही. ज्याचा त्याचा ग्रेड वेगळा. आणि तो शिक्का बहुतांशी ओरखड्यांबद्दल असतो, आतल्या तब्येतीबद्दल नव्हे. चकाकणाऱ्या कळांसाठी पैसे मोजू नका. कोपऱ्यावरचा खोल पोचा मात्र गंभीरपणे घ्या, कारण तो पडल्याची खूण आहे.

'बिझनेस' हा शब्द विक्रेते सैल हाताने वापरतात. खरी ऑफिसची जात म्हणजे लेनोव्होची थिंकपॅड टी आणि एक्स मालिका, डेलची लॅटिट्यूड ५००० आणि ७०००, एचपीची एलिटबुक. (थिंकपॅड मूळची आयबीएमची, १९९२ पासूनची, २००५ मध्ये आयबीएमचा तो विभाग लेनोव्होने घेतला. लॅटिट्यूड हे नाव डेलने २०२५ मध्ये नव्या यंत्रांवरून काढून टाकलं, पण जुन्या बाजारात ते अजून बरीच वर्षं दिसेल.) याच कंपन्यांच्या थिंकपॅड ई, लॅटिट्यूड ३०००, प्रोबुक या खालच्या पायरीवरच्या मालिका आहेत. त्या टाकाऊ नाहीत, पण बांधणी हलकी असते. त्यांना वरच्या मालिकेचा भाव देऊ नये.

वरच्या मालिकेचं खरं मोल मला विचाराल तर मजबुतीत कमी आणि दुरुस्तीच्या सोयीत जास्त आहे. 'लष्करी दर्जाच्या चाचण्या पार' असं लिहिलेलं वाचून भारावून जाऊ नका. त्या मानकात अनेक चाचण्या असतात आणि त्यातल्या कोणत्या करायच्या हे उत्पादकच ठरवतो. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की या यंत्रांची सविस्तर दुरुस्ती-पुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळते. कुठला स्क्रू आधी, कुठली पट्टी नंतर, सगळं चित्रांसह. आणि एकाच मॉडेलची यंत्रं इतक्या संख्येने बनलेली असतात की कीबोर्ड, बिजागरी, पंखा, पडदा हे सुटे भाग वर्षानुवर्षं मिळत राहतात. हौशी घरगुती मॉडेलचा तुटलेला कीबोर्ड शोधायला निघा म्हणजे फरक कळेल.

वय ओळखायचं कसं

'आय७ आहे' या वाक्याने जितके लोक फसतात तितके दुसऱ्या कशाने फसत नसतील. इंटेलच्या नावात आय५ की आय७ यापेक्षा पुढचा आकडा महत्त्वाचा. आय७-७६००यू मधला पहिला ७ ही पिढी, सातवी. आय५-८२५०यू आठव्या पिढीचा. आता गंमत बघा. सातव्या पिढीपर्यंत या पातळ लॅपटॉपांतल्या आय५ आणि आय७ दोघांनाही दोनच कोर, म्हणजे काम करणारे भाग, होते. २०१७ मध्ये आठवी पिढी आली आणि चार झाले. म्हणजे आठव्या पिढीचा साधा आय५ सातव्या पिढीच्या आय७ ला अनेक कामांत सहज मागे टाकतो, आणि बाजारात तो 'आय७' त्याच्याहून महाग मिळू शकतो. शिवाय आठव्या पिढीत आय५ आणि आय७ दोघेही चार कोरांचेच; फरक थोड्या वेगाचा. त्यासाठी जास्त पैसे देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आठव्या पिढीला आणखी एक रेघ चिकटलेली आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने चालणाऱ्या प्रोसेसरांची जी अधिकृत यादी केली, ती इंटेलच्या बाबतीत काही मोजके अपवाद वगळता आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीच्या बाबतीत ढोबळमानाने रायझन २००० पासून. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांचा मोठा लोंढा एकदम बाजारात आला आणि त्यांचे भाव फार मोहक दिसू लागले. त्यात एक चलाखीही शिरली आहे: अटी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसवता येतं, आणि तसं बसवून 'विंडोज ११ वर चालतोय' म्हणून विकतात. चालतोही. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणून पडद्यावर काय दिसतंय यावर न जाता सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. मॉडेलच्या नावावरही विसंबू नका. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९०, एलिटबुक ८४० जी५ ही सगळी २०१८ ची, आठव्या पिढीची म्हणून ओळखली जाणारी यंत्रं, पण त्यांच्यात सातव्या पिढीचा प्रोसेसर घातलेलीही काही निघाली होती.

लिनक्स वापरणाऱ्याला ही रेघ लागू नाही. उबंटू किंवा फेडोरा सातव्या पिढीच्या थिंकपॅडवर सुरेख चालतं, आणि अशा माणसासाठी विंडोजवाल्यांनी टाकून दिलेला तो लोंढा म्हणजे पर्वणी आहे. पण मग ते ठरवून घ्या. 'बघू, नाहीतर लिनक्स टाकू' असं म्हणून घेतलेले लॅपटॉप सहसा कपाटात जातात.

वरच्या बाजूला कुठपर्यंत जायचं? अकराव्या पिढीत, उदाहरणार्थ आय५-११३५जी७ मध्ये (इथे पहिले दोन आकडे पिढीचे), ग्राफिक्स लक्षणीय सुधारलं आणि एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार उलगडण्याची सोय चिपमध्येच आली. ऑनलाइन व्हिडिओ बघताना बॅटरी आणि पंखा दोघांनाही आराम. बाराव्या पिढीत मोठे आणि छोटे अशा दोन प्रकारचे कोर एकत्र आले. एएमडीकडे बघायला लोक विसरतात: रायझन ५ प्रो ४६५०यू हा २०२० चा सहा कोरांचा प्रोसेसर आहे आणि त्याच वर्षांच्या इंटेलपेक्षा एकाच वेळी बरीच कामं चालवण्यात तो सरस आहे. ऑफिसचं काम, ब्राउझर, व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर माझा अंदाज असा: आठव्या पिढीला दोन-तीन वर्षं धरा, अकराव्या-बाराव्याला चार-पाच. हे ठोकताळे आहेत, पण भागाकारासाठी आकडा हवाच. त्यावर एक पडताळा करता येतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या बायोसचं, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. गेल्या काही महिन्यांतलं असेल तर उत्पादकाने यंत्राला अजून वाऱ्यावर सोडलेलं नाही.

कुलपं

हा भाग शांतपणे वाचा, कारण बाकी सगळ्या दोषांना काहीतरी उपाय असतो, याला बऱ्याचदा नसतो. ऑफिसचा लॅपटॉप चोरीला गेला तर चोराच्या उपयोगी पडू नये म्हणून त्याच्यात मुद्दाम कुलपं घातलेली असतात. ती काढायचं काम कंपनीचं. एखादी कंपनी विसरते, एखादं यंत्र चोरीचंच असतं.

पहिलं कुलूप बायोसचं. यंत्र सुरू होताना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबलं की बायोस उघडतो. पासवर्ड विचारला तर सरळ विकणाऱ्याकडे बघा. न विचारता उघडला तरी थांबू नका. काही यंत्रं पासवर्डशिवाय आत डोकावू देतात, बदल मात्र करू देत नाहीत. एखादी किरकोळ सेटिंग बदलून जतन होते का बघा. सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसचा मुख्य पासवर्ड, विसरलेल्या थिंकपॅडसाठी लेनोव्होचा अधिकृत उपाय एकच: मदरबोर्ड बदला. म्हणजे व्यवहार संपला.

दुसरं, बायोसमध्येच सुरक्षेच्या पानावर 'ॲब्सोल्यूट' किंवा जुन्या यंत्रांत 'कॉम्प्युट्रेस' नावाची नोंद सापडेल. ही माग काढणारी सेवा आहे आणि तिचं मूळ बायोसमध्ये असल्यामुळे डिस्क बदलली तरी ती पुन्हा जागी होते. 'निष्क्रिय' किंवा 'कायमचं बंद' असं दिसलं तर ठीक. 'सक्रिय' दिसलं तर ती सेवा घेतलेल्या मूळ मालकानेच ती बंद करायला हवी.

तिसरं सगळ्यात फसवं: विंडोज ऑटोपायलट. यात यंत्राची ओळख कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदवलेली असते. यंत्रात बघून काहीच कळत नाही. तुम्ही विंडोज पुसून नव्याने बसवता, सुरुवातीच्या मांडणीत इंटरनेट जोडता, आणि पडद्यावर कुठल्यातरी अनोळखी कंपनीचं नाव येऊन तिचा ईमेल आणि पासवर्ड मागितला जातो. इंटरनेट न जोडता मांडणी केली तर हा प्रश्न येत नाही, आणि काही विक्रेते नेमकं तेच करून यंत्र 'तयार' ठेवतात. पहिल्या दिवशी सगळं छान. पुढे कधीतरी विंडोज नव्याने बसवायची वेळ आली की भांडं फुटतं. ही नोंद त्या कंपनीनेच काढायची असते, तुमच्या हातात काही नाही. त्यामुळे खरी परीक्षा एकच: विंडोज रीसेट करून, इंटरनेट जोडून, सुरुवातीची मांडणी शेवटपर्यंत करून बघणं. विक्रेत्याला समोर करायला सांगा. वेळ लागतो म्हणून तो टाळत असेल तर परत करण्याची मुदत लेखी घ्या आणि घरी आल्या आल्या हेच करा.

विंडोजच्या परवान्याचाही यातच निकाल लावा. या मालिकांमध्ये विंडोज प्रोची किल्ली बऱ्याचदा मदरबोर्डवरच्या चिपमध्येच साठवलेली असते आणि विंडोज आपोआप सक्रिय होतं. सक्रियतेच्या पानावर 'डिजिटल परवाना' असं असेल तर उत्तम. 'तुमच्या संस्थेच्या सेवेद्वारे सक्रिय' अशा अर्थाचं वाक्य असेल तर ती तात्पुरती सोय आहे. १८० दिवसांत संस्थेच्या सर्व्हरशी पुन्हा संपर्क झाला नाही तर ती संपते. मग परवान्याचा खर्च बेरजेत धरा.

शेवटी अनुक्रमांक. तळाशी असलेला सिरियल नंबर, डेलच्या भाषेत सर्व्हिस टॅग, उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाका. यंत्र कधी निघालं, वॉरंटी कधी संपली किंवा अजून किती उरली, हे तिथे कळतं. मूळ जडणघडणही बऱ्याचदा सापडते. तळाचा क्रमांक आणि बायोसमधला क्रमांक जुळत नसतील तर मदरबोर्ड किंवा तळाचं झाकण बदललेलं आहे. ते वाईटच असं नाही, पण मग विचारा.

बॅटरी

विकणाऱ्याचं 'बॅकअप चांगला आहे' हे वाक्य कानाआड करा, मोजून बघता येतं. विंडोजच्या कमांड खिडकीत 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा बॅटरी रिपोर्टच्या पर्यायासह (powercfg /batteryreport) दिली की एक अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे शोधा: मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता. ५० वॅट-तासांची बॅटरी आता ३६ वॅट-तासच घेत असेल तर ७२ टक्के उरली. ते यंत्र साध्या कामात सरासरी ७ वॅट खात असेल तर ३६ भागिले ७, म्हणजे पाच तास. हा भागाकार करून बघितला की 'सात-आठ तास सहज' असल्या आश्वासनांची किंमत कळते. ८० च्या वर असेल तर मी खर्च धरत नाही, ६० ते ८० मध्ये अर्धा धरतो, त्याखाली नव्या बॅटरीचा पूर्ण खर्च बेरजेत घालतो.

अहवालालाही फसवता येतं, कारण आकडे बॅटरीतली चिप सांगते. हलक्या प्रतीच्या नकली बॅटऱ्या स्वतःला १०० टक्के म्हणवतात. म्हणून चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवा. टक्केवारी सावकाश, एकसारखी उतरली पाहिजे. ६० वरून एकदम ४५ झाली, किंवा ३० वर असताना यंत्र पटकन विझलं, तर आत सेल मेलेले आहेत. टचपॅड वर उचललेला किंवा दाबायला कडक झाला असेल, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती असलेलं यंत्र विकत घेऊ नये आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नये.

बॅटरी बदलणं किती सोपं हेही मॉडेलवर आहे. टी४८० मध्ये आत एक छोटी आणि बाहेरून निघणारी एक अशा दोन असतात. यंत्र चालू असताना बाहेरची काढून दुसरी लावता येते. ही सोय पुढे नाहीशी झाली, आणि ते मॉडेल अजून लोकांच्या गळ्यातला ताईत आहे त्याचं एक कारण ही आहे. त्याच मॉडेलचं एक दुखणंही जगजाहीर आहे: त्या काळातल्या अनेक थिंकपॅडांमध्ये थंडरबोल्ट या वेगवान जोडणीच्या फर्मवेअरमुळे, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रॅममुळे, यूएसबी-सी पोर्ट बिघडत असे आणि लेनोव्होने त्यासाठी अपडेट काढलं. घेतलंत तर ते आधी करून टाका.

रॅम, डिस्क, पडदा

रॅमबाबत आकड्यापेक्षा ती वाढवता येते का हे पाहा. थिंकपॅड एक्स१ कार्बनसारख्या पातळ यंत्रांत सगळी रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ८ जीबीचा घेतलात तर जन्मभर ८. टी१४ च्या पहिल्या पिढीत थोडी सोल्डर केलेली आणि एक खाच मोकळी. टी४८० आणि लॅटिट्यूड ५००० च्या बऱ्याच मॉडेलांत दोन खाचा. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती खाचा वापरात आहेत तेही दिसतं. आजच्या ब्राउझरला ८ जीबी जेमतेम, १६ आरामात. एकाच १६ च्या पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन असतील तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला अधिक वेग मिळतो.

डिस्कवर फार वेळ घालवू नका. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये उरलेलं आरोग्य आणि किती तास चालली ते दिसतं. आरोग्य ९० च्या आसपास असेल तर पुढे चला. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडीचा, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कचा, खर्च धरूनच भाव करा. साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट धावते. पण फिरत्या डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आल्यावर जो फरक जाणवतो, त्यापुढे या दोघींमधला फरक रोजच्या कामात किरकोळ आहे.

पडद्यावर मात्र लोक अनाकलनीयरीत्या उदार असतात. ज्या गोष्टीकडे दिवसभर बघायचं तिची चौकशीच करत नाहीत. एकाच मॉडेलमध्ये तीन-चार प्रकारचे पडदे येत. सगळ्यात स्वस्त तो १३६६ गुणिले ७६८ चा, बाजूने पाहिलं की रंग उलटे दिसणारा. २०१८ सालीही कंपन्या तो घाऊक घेत. १९२० गुणिले १०८० आणि आयपीएस (बाजूनेही रंग नीट दाखवणारा प्रकार) हे किमान माना. उजेडाचा आकडा बहुतेकांचा २५० निटच्या आसपास असतो, खोलीत पुरतो, खिडकीजवळ नाही; ४०० निटचा मिळाला तर त्यासाठी थोडे जास्त द्यायला हरकत नाही. एलिटबुकमध्ये 'शुअर व्ह्यू' नावाचा पडदा दिसेल, बाजूच्याला वाचता येऊ नये म्हणून बनवलेला. ऐकायला भारी, पण त्याच्या आधीच्या आवृत्त्या फिक्या दिसतात. समोर बसून पांढरं पान उघडा आणि डोळ्यांना विचारा. पडदा बदलता येतो, फार अवघड नाही, पण तो खर्चही बेरजेत जातो.

पंधरा मिनिटं ताण द्या

जुना लॅपटॉप नुसता उघडून बघितला की नेहमी चांगलाच वाटतो. दोष कळतात ते गरम झाल्यावर. प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारा एखादा प्रोग्रॅम, किंवा नाहीच तर एकाच वेळी बरेच मोठे व्हिडिओ, पंधरा मिनिटं चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये वेग बघत राहा. सुरुवातीला वर जाऊन मग काहीसा उतरून स्थिर होणं स्वाभाविक आहे. पण आय५-८२५०यू चा पायाभूत वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे. पूर्ण कामाला जुंपलेला असताना तो त्याच्याही खाली जाऊन रेंगाळला तर उष्णता बाहेर पडत नाहीये. धूळ साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलल्याने बहुतेकदा भागतं, तो छोटा खर्च. पंखा खरखरत असेल तर थोडा मोठा.

डेलबाबत एक वेगळी शक्यता लक्षात ठेवा. त्यांची यंत्रं चार्जर ओळखतात, आणि गोल पिनेचा परका चार्जर लावला तर बॅटरी चार्ज होणं थांबतं आणि वेगही मुद्दाम खाली आणला जातो. यंत्र मंद म्हणून नाकारण्याआधी चार्जर कोणाचा आहे ते बघा. आणि सोबत मिळणारा चार्जर मूळचा नसेल तर भाव कमी करून मागा. यूएसबी-सीने चार्ज होणारी यंत्रं या बाबतीत निर्धास्त आहेत, योग्य वॅटचा कुठलाही चांगला चार्जर चालतो, आणि हे जुनं यंत्र निवडताना एका बाजूने झुकायला पुरेसं कारण आहे.

ताण चालू असतानाच बाकीचं उरकून घ्या. प्रत्येक कळ, प्रत्येक यूएसबी, हेडफोन, कॅमेरा, माइक, वायफाय. झाकण सावकाश पुढे-मागे करताना पडदा लुकलुकला तर केबल झिजली आहे. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. झोपेतून न उठणारं यंत्र रोजच्या वापरात सगळ्यात जास्त वैताग देतं आणि दुकानात ते कुणी तपासत नाही.

यातून जमलेले आकडे घेऊन मग भावाला बसा. 'थोडं कमी करा' यापेक्षा 'बॅटरी ५८ टक्क्यांवर आहे, रॅमची एकच पट्टी आहे, चार्जर परका आहे' हे बोलणं जास्त चालतं, कारण विक्रेत्यालाही ते खोटं ठरवता येत नाही. तो अडून बसला तर त्याच मॉडेलची आणखी शंभर यंत्रं कुठेतरी आहेतच. ओळखपाळखीतून घेतलेला स्वस्त सौदा आणि विक्रेत्याकडून परतीच्या मुदतीसह घेतलेला थोडा महाग सौदा यात मी दुसरा घेईन, निदान पहिल्यांदा घेताना तरी. ती मुदत म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या घरी निवांत करायची मुभा आहे आणि तिचे पैसे मोजण्यासारखे आहेत.

एका गिऱ्हाइकासाठी मात्र हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. ज्याला मोठे गेम खेळायचेत किंवा तासन्‌तास व्हिडिओ संपादन करायचंय, त्याने या जातीकडे वळूच नये. त्यांच्या प्रोसेसरच्या नावात बहुधा असणारा 'यू' हा कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचा आहे, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बहुतेकांत नसतं, आणि मागाहून घालताही येत नाही.